नर्मदा परिक्रमा: वाट कुठे बुडाली आणि वळसा कुठून घ्यायचा

ऐरोलीच्या एका काकांनी तीन प्रश्न पाठवले आहेत. ते निवृत्त आहेत, काकूही सोबत येणार आहेत. येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायचा त्यांचा विचार आहे. धरणं होण्याआधी त्यांच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी परिक्रमा केली होती, त्याची वही त्यांच्याकडे आहे. तिच्यात मुक्कामाची गावं ओळीने लिहिलेली आहेत. आता ती गावं फोनवरच्या नकाशात शोधायला गेलं तर काही सापडत नाहीत आणि काही थेट पाण्यात दिसतात. म्हणून ते विचारतात: वाट नेमकी कुठे बंद आहे, वळसा कुठून घ्यायचा, आणि वळसा घेतला तर परिक्रमा पुरी झाली असं म्हणायचं का?

काका, तिसरा प्रश्न आधी घेते. ती शंका मनात राहिली तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही नीट मिळाली तरी चालताना पाय जड होतात. परिक्रमेचे नियम पुष्कळ आहेत, पण वाटेपुरते दोनच. मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. पाण्याला चिकटूनच चाललं पाहिजे असा नियम कधीच नव्हता. धरणं नव्हती तेव्हाही लोक किनारा सोडून आत जात. पावसाने कोतरं म्हणजे काठाच्या घळी फुटल्या की वरून जात, झाडीत वाट मोडली की डोंगरावरून जात, आणि उत्तर तटावर रेवाकुंडासाठी मुद्दाम किनारा सोडून मांडवगड चढत. मांडवगडचा तो वळसा परंपरेनेच घालून दिलेला आहे. वळशाने परिक्रमा उणी होत असती तर आपल्या वाडवडिलांनी तो परिक्रमेत धरलाच नसता.

आता अंतर बघा. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट मिळून २६२४ होतात. प्रत्यक्षात मात्र पायी चालणाऱ्याचे तीन हजारांच्या वर जातात. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांनी ३० सप्टेंबर २०१७ ला बरमानघाटावरून पायी परिक्रमा सुरू केली आणि ९ एप्रिल २०१८ ला पूर्ण केली. १९२ दिवस आणि सुमारे ३३०० किलोमीटर, असा तिचा हिशोब तेव्हा सगळीकडे छापून आला होता. वरचे सहा-सातशे किलोमीटर येतात ते नदीच्या वळणांपेक्षा जास्त धरणांच्या वळशांमुळे. म्हणून वहीतल्या मुक्कामांवरून दिवस मोजू नका. तुमच्या वयाला रोजचे बावीस-पंचवीस किलोमीटर पुरेत, आणि त्या चालीने साडेचार-पाच महिने हाताशी ठेवा.

वाट बुडाली ती मुख्यतः चार जलाशयांत. जबलपूरजवळचं बरगी १९९० मध्ये पुरं झालं. पुनासाचं इंदिरा सागर २००५ मध्ये आणि त्याच्या खालचं ओंकारेश्वर धरण २००७ मध्ये. गुजरातेतल्या सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. शेवटची तारीख नीट लक्षात ठेवा. बडवानी ते धरणाखालचं गोरा या पट्ट्यातलं त्याआधीचं कुठलंही वर्णन, मग ते कितीही प्रेमाने लिहिलेलं असो, आज पाऊल टाकायला उपयोगाचं नाही. तुमच्या यादीत चिखलदा, मणिबेली, हाफेश्वर आणि धाराजी ही नावं आहेत. चिखलदा पाण्यात गेलं. मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर त्याच पट्ट्यात बुडालं आणि नवं गोऱ्याला उभं राहिलं. हाफेश्वरचंही जुनं देऊळ पाण्याखाली आहे, दर्शन आता वरच्या नव्या देवळात होतं. धाराजीचा घाट ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात गेला.

जलाशय म्हणजे भिंत नव्हे, त्याची कड सारखी सरकत असते. ही गोष्ट शहरातून गेलेल्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. पावसाळा संपताना धरणं काठोकाठ असतात. नंतर वीज आणि कालवे यांसाठी पाणी उतरत जातं आणि उन्हाळ्यात ते बरंच खाली गेलेलं असतं. म्हणजे कार्तिकात जी पायवाट दोन पुरुष पाण्याखाली असते, ती फाल्गुनात कोरडी पडलेली असू शकते. तुम्ही कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालात की दहा-बारा दिवसांत बडवानीला पोचाल, आणि तेव्हा सरदार सरोवर जवळपास भरलेलंच असेल. या काळात बडवानीपुढच्या शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे डोंगरी जंगलातली, खालची वाट मिळेल अशी आशाच धरू नका. उलट इंदिरा सागरच्या दक्षिण तटावर तुम्ही चैत्राच्या सुमाराला याल, तोवर २६२.१३ मीटरवरून पाणी बरंच उतरलेलं असेल आणि काठाकाठाने लोकांनी शेती केलेली दिसेल. त्याच महिन्यात निघालेल्या आणि पोचलेल्या माणसाने दिलेली माहिती तेवढी घ्या. मार्चमध्ये चाललेल्याचा अनुभव नोव्हेंबरात उपयोगी पडत नाही.

पाणी उतरलं की वाट मोकळी झाली, असंही नाही. उतरलेल्या पाण्यामागे गाळ राहतो. वरून उन्हाने तडकलेला, कडक दिसणारा, आणि खाली लोण्यासारखा मऊ. हातातला दंड म्हणजे काठी पुढे टेकवून दाबून बघावा. दंड वीतभर सहज आत गेला तर पाऊल टाकायचं नाही. गुरांच्या खुरांचे ठसे आरपार पलीकडे गेलेले दिसले तर माणूस जाऊ शकतो. ठसे अर्ध्यातून परत फिरलेले दिसले तर आपणही परत फिरावं. घाईने मधून वाट काढू पाहणारे तिथेच अडकतात.

वाटेचा क्रम असा: आधी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, मग उत्तर तटाने उगमाला अमरकंटकपर्यंत, आणि परत दक्षिण तटाने ओंकारेश्वर. आता दक्षिण तट क्रमाने घेऊ. ओंकारेश्वरला परिक्रमा उचलताना मांधाता बेटावरच्या ओंकारेश्वराचं दर्शन घ्यायचं नाही, कारण तिथे जायला मैया ओलांडावी लागते. ममलेश्वराच्या बाजूने संकल्प करायचा आणि बेटावरच्या देवाला जल वाहायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावर. तिथून खलघाटापर्यंतची वाट सुखाची आहे. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० ला ते तिथेच वारले. मराठी माणसाने तिथे अर्धा दिवस काढावाच. या पट्ट्यात खरी काळजी घ्यायची ती अचानक वाढणाऱ्या पाण्याची. वर इंदिरा सागरचं १००० मेगावॉटचं आणि ओंकारेश्वरचं ५२० मेगावॉटचं वीजघर आहे. यंत्रं चालू झाली की खालच्या घाटांवर पाणी चढतं. ७ एप्रिल २००५ ला धाराजीच्या अमावास्येच्या मेळ्यात वरून सोडलेलं पाणी रात्री आलं आणि साठाहून अधिक भाविक दगावले. भोंगा वाजला की स्नान अर्धवट टाकून वर यायचं, आणि पात्रातल्या खडकावर आसन, म्हणजे मुक्काम, कधीच लावायचं नाही.

खलघाटाचा पूल दिसला की तुम्हाला घरची आठवण येईल. माजिवड्यावरून नाशिककडे जाणारा आपला आग्रा रोड तिथे मैया ओलांडतो. घरच्यांना भेटायला यायचं असेल तर ही जागा सगळ्यात सोपी आहे. ठाण्याहून सरळ एकच रस्ता. तुम्ही मात्र पुलाखालून पुढे जायचं.

बडवानीला पोचलात की थांबा. पुढे शूलपाणीची झाडी, आणि या परिक्रमेतला सगळ्यात मोठा निर्णय इथे घ्यायचा आहे. तीन वाटा आहेत. पहिली बडवानी, पाटी, बोकराटा करत सातपुड्यात आत शिरते आणि भादल, भुशा अशा गावांवरून पाणी उजव्या हाताला ठेवत धडगावकडे येते. ती डोंगरातली वाट आहे. पाणी भरलेलं असलं की ती वरवर सरकते आणि एका दरीतून उतरून दुसरीत चढावं लागतं. दुसरी वाट धडगाव, मोलगी या घाटरस्त्याने. तिसरी थेट सडकेने: खेतिया, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा. बसने परिक्रमा करणारे या तिसऱ्या वाटेने जातात.

झाडीत मामा लोक, म्हणजे तिथले आदिवासी, लुटतात अशी जुनी धास्ती तुमच्या वहीतही असेल. पूर्वी ते घडत होतं, खोटं नाही. आज त्याच पाड्यांवर परिक्रमावासींना बोलावून भाकरी वाढली जाते. ज्यांची शेतं बुडाली त्या माणसांनी आपल्याला मुक्कामाला ओटा द्यावा हे माझ्या मनाला दर वेळी लागतं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली आणि ती सगळी याच अक्राणी (धडगाव)-अक्कलकुवा भागातली. तिथे शिधा मागताना सदाव्रत, म्हणजे परिक्रमावासींना मिळणारा मोफत शिधा, हक्काचं आहे असं कुणी धरून चालू नये. दोघांना पुरेल एवढा शिधा जवळ ठेवा आणि जिथे उतराल तिथे निम्मा देऊन टाका.

तुम्हा दोघांना माझा सल्ला दुसऱ्या वाटेचा आहे. बडवानीहून पाटी-बोकराट्यापर्यंत आत जा, तिथे चौकशी करा, आणि पाणी वर असेल तर धडगाव गाठून मोलगीवरून कणजी, माथासर, झरवाणी करत गोऱ्याला उतरा. चढउतार आहेच, पण गावं जवळजवळ आहेत. धडगावहून शहाद्याला एसटी मिळते, आणि गुडघा दुखला, ताप आला तर मराठी बोलणारा माणूस शेजारी असतो. शेवटचा टप्पा शूलपाणेश्वर अभयारण्यातून जातो, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या गावी असायला हवं. शहाद्याच्या सडकेने गेलं तरी मैया उजव्या हातालाच राहते, पण ती फार लांब पडते. प्रकृतीसाठी तो रस्ता घेणाऱ्याला मी कधी अडवत नाही. धडधाकट माणसाने तो घेऊ नये असं मात्र मला मनापासून वाटतं.

वाटेची चौकशी कशी करायची हे सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. “रस्ता आहे का?” असं विचारलं की गावकरी “आहे” म्हणतो. त्याच्यासाठी तो असतोच. तो शेळ्या घेऊन रोज जातो, होडी वल्हवतो, कड्यावरून उतरतो. म्हणून विचारावं ते पाण्याबद्दल. “मैयाचं पाणी कुठवर आलंय?” आणि दुसरा प्रश्न, “तिकडून काल-परवा कोण आलं?” झाडीतल्या एका पाड्यावर मी असं विचारलं तेव्हा एका आजीने चुलीतलं विझलेलं लाकूड उचललं आणि सारवलेल्या अंगणात कोळशाने तीन रेघा ओढल्या. खालची रेघ, तिथे आता होडी लागते. वरची रेघ, तिथून जीप जाते. मधल्या रेघेवर लाकूड टेकवून तिने समोरच्या उतारावरचं मोहाचं झाड दाखवलं. त्याच्या बुंध्याला पाणी लागलं की मधली वाट बंद, बुंधा कोरडा असेल तर चालू. मी वाकून बघितलं तर बुंधा ओला होता. आम्ही वरच्या वाटेने गेलो. असं एखादं झाड, एखादा दगड, एखादा जुना हातपंप प्रत्येक पाड्याला असतो आणि त्यावरून लोक पाणी मोजतात. तुमचा फोन हे दाखवू शकत नाही. नकाशातलं पाणी कुठल्या महिन्यात टिपलेलं आहे हेही त्यावरून कळत नाही, आणि बुडालेल्या गावांची नावं अजून त्यात निळ्या रंगावर तरंगताना दिसतात. फोन दिशेसाठी ठेवा. वाट शेवटच्या गावाला विचारा.

गोऱ्याच्या पुढे सपाटी लागते. राजपिपळा, पोईचा, झगडिया, अंकलेश्वर. इथे धरण नाही, पण त्याच्या पाण्याचा परिणाम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून एकदम पाणी सोडलं गेलं तेव्हा चांदोदपासून भरूच-अंकलेश्वरपर्यंत पूर आला. गुजरातेतला किनारा म्हणजे मातीचे उंच कडे आणि त्यांत पावसाने कापलेली कोतरं. पुरानंतर कडे आतून पोखरलेले असतात आणि वरून हिरवं गवत दिसतं. कडेपासून चार-पाच हात आत चालावं, मैयाचं दर्शन थोडं कमी झालं तरी चालेल. जिथे वाळूचा उपसा चालतो तिथे पात्रात उतरूच नये. कालचा उथळ काठ आज खोल खड्डा झालेला असतो, आणि पाण्यात मगरी आहेत.

मग समुद्र. हांसोटच्या पुढे कठपोर किंवा विमलेश्वरहून होडीने खंभातच्या आखातातून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं. परिक्रमेत मैयाच्या मुखाला वळसा घालायची हीच एक जागा आहे, आणि वाट बंद असण्याचा अनुभव इथे जवळजवळ प्रत्येकाला येतो. आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. पाणी भरलं की होडी निघते, ओसरलं की खाली नुसता चिखल. म्हणून निघायची वेळ घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते, आणि ती रात्री-अपरात्रीही येते. वारा सुटला, धुकं आलं किंवा प्रशासनाने थांबवलं तर दोन-तीन दिवस तिथेच आसन. त्या दिवसांची सोय आधीच धरून ठेवा, पुढच्या मुक्कामाला तारीख सांगून बसू नका. होडीत लाइफ जॅकेट मागून घाला. माणसं जास्त भरलेली दिसली तर उतरून पुढची होडी धरा, त्यात कुणाचा अपमान नाही. तीन-चार तासांचा प्रवास आहे, त्याआधी पोट हलकं ठेवा. पलीकडे उतरताना गुडघाभर चिखल लागतो. चपला झोळीत टाका आणि काकूंचा हात धरा.

होडी बंद आहे म्हणून भरूचच्या पुलावरून जाऊ का, असं हमखास विचारलं जातं. जुना गोल्डन ब्रिज १८८१ चा, आणि शेजारचा नर्मदा मैया पूल जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. दोन्हींवरून जाणं म्हणजे मैया ओलांडणं, आणि तिथे परिक्रमा खंडित होते. बसवाले यात्रेकरूंना होडीने पाठवतात आणि रिकामी बस पुलावरून पलीकडे आणतात, ते याच कारणाने. थांबणं शक्य असेल तर थांबावं. आजारपणामुळे पूल ओलांडावाच लागला तर ओलांडावा आणि पुढे चालत राहावं, पण मग पुरी परिक्रमा झाली असं स्वतःला सांगू नये. वळसा आणि ओलांडणं यांत मी फरक करते तो इथे. आणखी एक गोष्ट. भरूचच्या खाली भाडभूतला मैयाच्या मुखाशी मोठा बंधारा बांधायला घेतला आहे आणि त्यावरून रस्ताही जाणार आहे. त्याने भरतीचं पाणी अडेल, तेव्हा होडीच्या जागा आणि वेळा बदलतील हे धरून अंकलेश्वरला ताजी चौकशी करा.

उत्तर तटावर मिठी तलाईहून दहेजच्या कारखान्यांमधून भरूचकडे येताना किनारा जवळजवळ मिळतच नाही. कुंपणं आणि ट्रकांचा रस्ता. पहाटे अंधारात निघू नका, झोळीला चमकणारी पट्टी शिवून घ्या आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला. भरूचनंतर शुक्लतीर्थ, नारेश्वर, मालसर, चांदोद, तिलकवाडा हा पट्टा मनाला फार शांत करणारा. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे. १९१४ मध्ये ते तिथे समाधिस्थ झाले. मराठी परिक्रमावासींना तिथे माहेरी आल्यासारखं वाटतं.

गरुडेश्वरनंतर पुन्हा जलाशय. इथे किनारा विसरा. नसवाडी, कवांट, छकतला, डही, कुक्षी असा आतून वळसा आहे. कवांटहून हाफेश्वरला जाऊन येतात, पण पुढे काठाने सलग वाट नसल्याने परत सडकेला यावं लागतं. त्या दोन दिवसांचा विचार तिथल्या तिथे करा, पाय कसे आहेत ते बघून. धरमपुरीच्या आसपास मैया पुन्हा हाताशी येते, मग मांडवगड, महेश्वर, मंडलेश्वर.

याच टप्प्यावर कालव्याचा प्रश्न येतो. सरदार सरोवराचा मुख्य कालवा धरणापासून उत्तरेकडे निघतो आणि गुजरातेत ४५८ किलोमीटर जाऊन राजस्थानात शिरतो. उत्तर तटावरच्या माणसाला तो ओलांडल्यावाचून पुढे जाताच येत नाही. ते पाणी मैयाचंच, मग परिक्रमा मोडली का? माझं उत्तर ठाम आहे: नाही. कालवा म्हणजे मैयाचं पात्र नव्हे, मैयाने शेतांना दिलेलं पाणी आहे. ते तिच्या मुखापर्यंत जात नाही. कमंडलूतलं जल घेऊन आपण चालतो तेही मैयाचंच असतं. पुलावर थांबावं, नमस्कार करावा, पुढे जावं. बॅकवॉटरचं मात्र तसं नाही. गोई, हातनी अशा उपनद्यांच्या खोऱ्यांत धरणाचं पाणी मैलोन्‌मैल मागे शिरलं आहे. तिथे पाणी उपनदीचं म्हणायचं की मैयाचं? जाणत्यांत यावर एकमत नाही. मी असं करते की होडीने सरळ पलीकडे जायचा मोह टाळते आणि वर जिथे वाहती उपनदी किंवा रस्त्याचा पूल लागतो तिथून पार होते. त्यात दिवस जातो, पण मन निर्धास्त राहतं, आणि भरलेल्या जलाशयात लहान होडीतून जायचा धोकाही टळतो.

पुढचे दोन जलाशय थोडक्यात सांगते, कारण तिथे सडक चांगली आणि निवड कमी. इंदिरा सागरच्या उत्तर तटावर बडवाहनंतर देवास जिल्ह्यातून आतल्या वाटेने नेमावर गाठायचं. नेमावर हे मैयाचं नाभिस्थान, सिद्धनाथाचं देऊळ चुकवू नका. बरगीला उत्तर तटावर जबलपूरहून बीजाडांडी, नारायणगंज करत मंडला, आणि परतताना दक्षिण तटावर मंडल्याहून घनसौरच्या बाजूने. दोन्हीकडे गावागावांतलं अंतर वाढलेलं आहे, दुपारच्या पाण्याची बाटली भरून घेतल्याशिवाय गाव सोडू नका. अमरकंटकला वाट बंद असण्याचा प्रश्न नाही, प्रश्न थंडीचा आहे. परतीला हंडियानंतर पुन्हा इंदिरा सागर. तुमच्या वहीतलं हरसूद २००४ मध्ये रिकामं झालं, आज तुम्हाला छनेराला नवं हरसूद भेटेल. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी जरूर बोला. जुनी वही त्यांना दाखवा. वहीतल्या घाटांबद्दल ते जेवढं सांगतील तेवढं आज दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

काकूंच्या गुडघ्याबद्दल तुम्ही शेवटी लिहिलं आहे, म्हणून एक सुचवते. पूर्ण परिक्रमा उचलण्याआधी चैत्रात दोघांनी उत्तरवाहिनी परिक्रमा करून बघा. रामपुरा ते तिलकवाडा हा मैया उत्तरेला वाहते तो भाग, सुमारे एकवीस किलोमीटरचा. ठाणे-नवी मुंबईतून शनिवार-रविवारच्या गाड्या भरभरून जातात. तिथे दोन ठिकाणी मैया पार करावी लागते, होडीने किंवा तात्पुरत्या पुलावरून. त्या छोट्या परिक्रमेची ती रीतच आहे. वरून धरणाचं पाणी सुटलं की तात्पुरता पूल काढतात किंवा वाहून जातो, मग होडीसाठी तासन्‌तास रांग लागते. रात्री चालायला लागलात तर गर्दी टळते. एवढं चालून दुसऱ्या दिवशी काकूंचा गुडघा सुजला नाही, तर मोठ्या परिक्रमेचं बोलू.

आणि तयारीला येऊरचा चढ पुरेसा आहे. पारसिक हिल तुम्हाला जवळ पडेल. झोळीत सहा किलो वजन घालून, परिक्रमेत घालणार त्याच चपलांनी, सलग तीन दिवस चाला. एका दिवसाच्या चालीवरून काहीच कळत नाही, तिसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते मला कळवा. निघायच्या आठवड्यात सरदार सरोवर आणि इंदिरा सागर यांची पातळी बातम्यांत बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि खंडव्याचं तिकीट काढताना परतीचं काढू नका.